वीस नंबरच्या पुढे

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश जकातीच्या दरपत्रकात साखरेच्या तीन ओळी सापडतात. आपल्याच वसाहतींतून आलेल्या कच्च्या, तपकिरी मस्कोव्हाडो साखरेवर एका हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोंना, ६ शिलिंग ४ पेन्स. पांढऱ्या साखरेवर १ पौंड १ शिलिंग १ पेनी. आणि पूर्ण शुद्ध करून शंकूच्या आकारात गोठवलेल्या साखरेवर ४ पौंड २ शिलिंग ५ पेन्स आणि वर थोडे. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. तिन्ही आकडे पेन्समध्ये आणले तर ७६, २५३ आणि ९८९. ऊस तोच, बेट तेच, जहाजही तेच. साखर जितकी साफ तितकी जकात चढत जाते, आणि वरच्या पायरीला पोचेपर्यंत तेरा पट होते.

या तेरा पटींनी काय साधले ते वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर दिसले. १७६३ पर्यंत हे बेट फ्रेंचांकडे होते आणि जवळपास प्रत्येक मळ्यावर साखर पांढरी करण्याची सोय होती. रस आटवून शंकूच्या आकाराच्या मातीच्या साच्यात ओतायचा, साचा टोक खाली करून उभा ठेवायचा, वर ओल्या चिकणमातीचा थर द्यायचा. मातीतले पाणी हळूहळू झिरपते, दाण्यांना चिकटलेली मळी धुऊन खालच्या भोकातून बाहेर नेते, आणि वरची साखर पांढरी पडते. यंत्र नको, कोळसा नको. माती, पाणी आणि थोडा धीर पुरे. बेट इंग्रजांकडे गेले, आणि ऑक्टोबर १७७३ पर्यंत अशी दोन-तीनच ठिकाणे उरल्याचे अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने नोंदवले आहे. दहा वर्षांत कोणी ही कला विसरले नव्हते आणि कोणी त्यावर बंदीही घातली नव्हती. फक्त माल ज्या बंदरात उतरायचा त्या बंदराचे दरपत्रक बदलले होते. (मळ्यावर राबणारी आफ्रिकी माणसे दोन्ही राजवटींत गुलामच होती. हा तंटा मालकामालकांतला होता, हे विसरून या बेटाविषयी हळहळण्यात अर्थ नाही.)

वसाहतींवर लादलेल्या व्यापारी कायद्यांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘कर किती होता?’ हा. शाळेच्या पुस्तकातही तोच. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या त्या जबर करामुळे, असे अनेकांच्या डोक्यात बसलेले असते. प्रत्यक्षात १७७३ च्या चहाच्या कायद्याने अमेरिकेतला चहा स्वस्त होणार होता. एक पौंड वजनामागे ३ पेन्सचा कर जुनाच होता. बदलले होते ते एवढेच की ईस्ट इंडिया कंपनी आता तो चहा आपल्या निवडक अडत्यांमार्फत थेट विकणार होती आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या हातून मधली पायरी जाणार होती. कर मोजत बसले की हे कायदे कळतच नाहीत, असे माझे म्हणणे आहे. कच्च्या मालाच्या पुढची पायरी कोणी चढायची आणि ते ठरवताना कोणाला मोजायचे, हे त्यांत लिहिलेले असते. दर हे त्या कामाचे अनेक हत्यारांपैकी एक. कधी दर शून्य असतो तरी काम होते, आणि कधी दोन्ही बाजूंना अगदी सारखा असतो तरी होते.

आधी यंत्रणा पाहू, कारण व्यापारवाद, म्हणजे व्यापार कायद्यांनी बांधून आपल्या देशाची संपत्ती वाढवण्याचे धोरण, म्हटले की सोनेनाणे साठवणारा राजा डोळ्यांपुढे येतो आणि त्याचे खरे काम करणारा कारकून दिसत नाही. इंग्लंडच्या १६६० च्या नौकानयन कायद्याचे तीन भाग होते. वसाहतीचा माल इंग्लिश किंवा वसाहतीच्याच जहाजातून जायचा. जहाजाचा कप्तान आणि तीन चतुर्थांश खलाशी इंग्लिश हवेत. आणि यादीतला माल, म्हणजे साखर, तंबाखू, कापूस, नीळ, सुंठ-आले आणि रंगाची लाकडे, इंग्लंडला किंवा दुसऱ्या इंग्लिश वसाहतीलाच न्यायचा. यादी पुढे वाढत गेली: तांदूळ आला, मळी आली, जहाजाचे डांबर आले, बीव्हर या केसाळ प्राण्याची कातडी आली. बंदर सोडण्याआधी जहाजमालकाने जामीनखत लिहून द्यायचे: शंभर टनांखालच्या जहाजाला १,००० पौंड, त्यावरच्याला २,०००. माल ठरल्या ठिकाणी उतरवल्याचा दाखला आणला नाही की जामीन गेला. १६६३ च्या कायद्याने उलटी बाजूही बंद केली. युरोपचा माल वसाहतीत न्यायचा तर आधी इंग्लंडच्या बंदरात उतरवा, मग पुन्हा चढवा. एका लिस्बनच्या किंवा ॲम्स्टरडॅमच्या गाठोड्याला दोनदा हमाली, दोनदा गोदीभाडे, आणि मधल्या मुक्कामी इंग्लिश दलालाची दलाली.

कागदावर यंत्रणा चोख. बिघडली कुठे? जिथे दर इतका चढवला की लाच स्वस्त पडू लागली तिथे. १७३३ च्या मळीच्या कायद्याने परक्या, म्हणजे मुख्यतः फ्रेंच बेटांवरच्या, मळीवर गॅलनमागे ६ पेन्स लावले. ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्समधल्या रमच्या भट्ट्या याच मळीवर चालत. सहा पेन्स भरले असते तर भट्ट्या विझल्या असत्या, म्हणून कोणी भरले नाहीत. जकात अधिकाऱ्याचे थोडे भागवले की काम होई. १७६० च्या सुमारास परिस्थिती अशी होती की सगळ्या अमेरिकी जकातनाक्यांचे वर्षाचे उत्पन्न २,००० पौंडांच्या आसपास आणि ते गोळा करण्याचा खर्च त्याच्या सुमारे चौपट. मग १७६४ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्रेनव्हिलने दर निम्म्यावर, ३ पेन्सवर आणला, आणि यावेळी वसुलीला नौदल लावले. दर अर्धा झाल्यावर वसाहती भडकल्या. ‘किती’ या प्रश्नावर अडून बसणाऱ्याला याचे उत्तर देता येणार नाही.

आता पायऱ्यांकडे येऊ. १७३२ चा टोपीचा कायदा बघा. बीव्हरची कातडी अमेरिकेत मुबलक होती, टोप्या करणारे कारागीर होते, आणि वसाहतीत तयार झालेल्या टोप्या परदेशी बंदरांत लंडनच्या टोप्यांना गिऱ्हाईक राहू देईनात. कायद्याने टोपीवर कर लावला नाही. टोपी वसाहतीबाहेर नेण्यावरच बंदी घातली, शेजारच्या वसाहतीतसुद्धा, आणि विकायला नेण्यासाठी गाडीवर किंवा घोड्यावर लादणे हाही गुन्हा केला. पुढचे कलम जास्त बारीक: एका कारागिराकडे एकावेळी दोनच शिकाऊ उमेदवार, आणि प्रत्येकाची उमेदवारी सात वर्षांची. म्हणजे धंदा आज बंद पाडायचा नाही, पण तो पुढच्या पिढीत वाढू द्यायचा नाही. कायदा लिहिणाऱ्याला धंद्याची नस ठाऊक होती, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

१७५० चा लोखंडाचा कायदा तर नमुनाच. वसाहतींतले ओतीव लोखंड इंग्लंडमध्ये जकातमुक्त. ठोकून केलेल्या पट्ट्याही जकातमुक्त, आधी फक्त लंडनला, १७५७ पासून सगळ्या बंदरांना. दर शून्य. वरवर पाहणारा म्हणेल, ही तर सवलत. त्याच कायद्यात पुढे लिहिले आहे की वसाहतीत पट्टी लाटण्याची किंवा चिरण्याची गिरणी, पत्रा ठोकण्याचा घणभट्टा आणि पोलादाची भट्टी नव्याने उभारायची नाही. उभारली तर २०० पौंड दंड आणि बांधकाम पाडायचे. चिरण्याची गिरणी म्हणजे तापवलेली पट्टी दोन रुळांमधून घालून तिच्या उभ्या सळ्या पाडणारे यंत्र. त्या सळ्यांपासून खिळे होत. हिवाळ्यात शेत गोठले की शेतकरी घरच्या भट्टीवर खिळे ठोकी. सळी मिळाली तर घरात चार पैसे येत, नाही मिळाली तर लाकडी घर बांधायला लागणारा प्रत्येक खिळा विलायतेहून. खाण तुमची, जंगल तुमचे, कोळसा तुमचा, पट्टीपर्यंत तुम्ही या. खिळा आमचा.

इथे दुसरी बाजू सांगायलाच हवी, आणि ती लंगडी नाही. आर्थिक इतिहासकारांनी १९६० नंतर या कायद्यांचा हिशेब मांडला तेव्हा अमेरिकेतल्या तेरा वसाहतींवरचा निव्वळ बोजा त्यांच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी निघाला. लोखंडाचा कायदा बराचसा धाब्यावर बसवला गेला; १७७५ पर्यंत या वसाहतींचे लोखंड जगाच्या उत्पादनाच्या सातव्या हिश्श्याच्या घरात पोचल्याचे सांगितले जाते. जहाजांच्या बाबतीत तर वसाहतींचा फायदाच झाला. इंग्लिश जहाजाची व्याख्या वसाहतीत बांधलेल्या जहाजालाही लागू होती, लाकूड दाराशी होते, आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश मालकीच्या जहाजांपैकी सुमारे एक तृतीयांश अमेरिकेत बांधलेली होती. मग व्यापारवाद म्हणजे पिळवणूक, हे म्हणणे अतिशयोक्त का?

तेरा वसाहतींपुरते बोलायचे तर काहीसे अतिशयोक्त आहेच. पण तो फायदा कुठून आला ते पाहा. १६६२ मध्ये संसदेने खुलासा केला की ‘इंग्लिश’ खलाशी म्हणजे इंग्लंड, आयर्लंड आणि वसाहतींमधली राजाची प्रजा. बोस्टनचा खलाशी मोजला गेला, म्हणून बोस्टनचे जहाज चालले. मुंबईचा खलाशी मोजला गेला नाही.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराणे मलबारच्या सागवानात जहाजे बांधत होते. ओकपेक्षा साग टिकाऊ, लोखंडी खिळ्याने तो कुजत नाही, किडीला दाद देत नाही. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ट्रिंकोमाली १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. जहाजाच्या दर्जावर बोट ठेवता येत नव्हते. मग बोट ठेवले गेले ते जहाजावरच्या माणसांवर. १८२३ च्या कायद्याने ठरवले की लस्कर, म्हणजे कोकण, काठेवाड, बंगालचे खलाशी, कंपनीच्या मुलखात जन्मले असले तरी ब्रिटिश खलाशी धरले जाणार नाहीत. म्हणजे हिंदी जहाज विलायतेला जाईल तेव्हा त्यावर ठरावीक संख्येने गोरे खलाशी हवेत, आणि ते मुंबईत मिळायचे कुठून? मिळाले तर पगार कितीतरी जास्त. जहाज कितीही उत्तम बांधा, ते चालवण्याचा खर्च व्याख्येने वाढवून ठेवला. लस्कर राजाची प्रजा होता, पण मोजणीत नव्हता.

जमिनीवरची गोष्ट याहून विचित्र. बंगालमधल्या अंतर्गत जकातीवर कंपनीचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियनने १८३४ मध्ये सरकारला अहवाल दिला. त्यात कापसाचा प्रवास असा: कच्चा कापूस नाक्यावरून गेला की ५ टक्के. त्याचे सूत होऊन पुढे निघाले की आणखी साडेसात. सुताचे कापड झाले की आणखी अडीच. कापड रवाना, म्हणजे नाक्याचा परवाना, घेतल्यानंतर रंगवले तर आणखी अडीच. बेरीज साडेसतरा टक्के, आणि ती आपल्याच देशात, आपल्याच कापसावर. विलायती कापड अडीच टक्के भरून याच रस्त्यांवरून जात होते. हे कोणी कट करून रचले होते असे मला वाटत नाही; नाकेदारी मोगलांपासूनची, कंपनीने ती एकत्र करताना प्रत्येक पायरीला वेगळा रवाना लावला आणि बेरीज कोणी करून पाहिली नाही. पण बेरीज न करणे कोणाला परवडते, हाही एक प्रश्न आहे. मँचेस्टरच्या मालाच्या बाबतीत अशी चूक दहा वर्षे टिकली नसती. खुद्द कंपनीच्या नोकराने ती दाखवून दिल्यावर बंगालमधली नाकी १८३६ मध्ये उठली, तोवर सुताचे चाक बऱ्याच घरांत थांबले होते.

इतके सगळे झाल्यावर इंग्लंडने १८४९ मध्ये नौकानयन कायदे रद्द केले आणि जगाला खुल्या व्यापाराचे धडे देऊ लागले. व्यापारवाद संपला, असे पाठ्यपुस्तक म्हणते. मुंबईच्या गिरण्यांचा पुढचा इतिहास वाचला की ते पटत नाही.

त्यासाठी सुताचा नंबर म्हणजे काय ते आधी पाहू. ८४० यार्ड सुताची एक लडी. एका पौंड कापसातून अशा जितक्या लड्या निघतील तो त्या सुताचा काउंट किंवा नंबर. वीस नंबरी म्हणजे एका पौंडात १६,८०० यार्ड, सुमारे साडेपंधरा किलोमीटर धागा. चाळीस नंबरी म्हणजे त्याच्या दुप्पट. नंबर वाढला की धागा बारीक. बारीक धाग्याला लांब तंतू लागतो, नाहीतर चातीवर पीळ देताना तो तुटतो. देशी आखूड धाग्याच्या कापसातून वीस-बावीसपर्यंत सूत बरे निघते. तिसाच्या पुढे जायचे तर मिसरी किंवा अमेरिकन कापूस मिसळावा लागतो. वीस नंबरच्या आत मांजरपाट, जाडेभरडे धोतर, ताडपत्रीचे कापड. त्याच्या वर नफा, मलमल, आणि लँकेशायर, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासचा गिरण्यांचा मुलूख.

ताडदेवला कावसजी नानाभाई दावरांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. वीस वर्षांत मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाला एवढी धास्ती पडली की त्यांनी हिंदुस्थानातली कापडावरची ५ टक्के आयात जकात उठवावी म्हणून अर्ज केला. ही जकात संरक्षणासाठी नव्हतीच, सरकारच्या उत्पन्नासाठी होती. १८७५ मध्ये व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या सरकारने ती ठेवली, पण जोडीला एक नवी जकात आणली: परदेशी लांब धाग्याच्या कापसावर ५ टक्के. ही ओळ पुन्हा वाचावी अशी आहे. कच्च्या मालावर जकात, आणि तीही नेमकी अशा कच्च्या मालावर ज्यावाचून मुंबईची गिरणी बारीक सुताकडे जाऊ शकत नाही. ग्रेनाडात वरची पायरी महाग केली होती. इथे शिडीच महाग केली. एवढ्यानेही समाधान झाले नाही. जुलै १८७७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेने ठराव केला की हिंदुस्थानातली कापडजकात संरक्षक स्वरूपाची असल्यामुळे तिजोरी परवानगी देताच रद्द व्हावी. १८७९ मध्ये पुढचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने आपल्या कार्यकारी मंडळाचे बहुमत डावलून तीस नंबरपर्यंतच्या सुताचे विलायती कापड जकातमुक्त केले. मग व्हायचे तेच झाले: लँकेशायरने तिसाच्या थोडे खालचे सूत वापरून कापड विणायला घेतले, मुक्त मालाचा पूर आला, जकातीत अर्थ उरला नाही, आणि १८८२ मध्ये ती सगळीच उठली. कायद्यात रेघ ओढली की माल त्या रेघेच्या सोयीच्या बाजूला सरकतो. जकातीच्या कामातला हा सगळ्यात जुना धडा. रेघ ओढणाऱ्यांना तो ठाऊक नव्हता असे मानणे जड जाते.

रुपया घसरला, तिजोरी रिती झाली, आणि १८९४ मध्ये आयात जकात परत आणावी लागली. मार्चमध्ये इतर मालावर ५ टक्के, कापड वगळून. डिसेंबरात कापडावरही ५ टक्के, पण लंडनच्या अटीवर: हिंदी गिरण्यांत निघणाऱ्या वीस नंबरच्या वरच्या सुतावर तेवढीच ५ टक्के अबकारी, म्हणजे देशात तयार होणाऱ्या मालावरचा कर. रेघ पुन्हा तिथेच, जिथून पुढे जायचा प्रयत्न गिरण्या करत होत्या. मँचेस्टरने तक्रार केली की रेघ चुकवता येते. म्हणून फेब्रुवारी १८९६ मध्ये नवी व्यवस्था आली: सूत दोन्हीकडचे मुक्त; विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात, आणि हिंदी गिरणीत यंत्रमागावर विणलेल्या सगळ्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी. मांजरपाटावरसुद्धा, ज्याला विलायतेत स्पर्धक जवळजवळ नव्हताच. बाकीच्या आयातीवर ५ टक्के तसेच राहिले. एकट्या कापडाला दीड टक्क्याची सूट मिळाली.

‘दोन्हीकडे साडेतीन, मग तक्रार कसली?’ हा त्या काळचा युक्तिवाद, आणि तो आजही कोणी तरी करतो. समान दराला समान न्याय म्हणायची आपल्याला सवय आहे. पण जकात बसत होती बाहेरून येणाऱ्या मालावर, जशी ती जगात सगळीकडे बसते, राज्याचे पोट भरण्यासाठी. देशातल्या कापडावर तेवढाच कर बसवण्याचे कारण महसूल नव्हते; विलायती गिरणीमालकाला हिंदी गिरणीमालकापेक्षा रतीभरही कमी सोय नको, हे होते. आणि भार? बारीक विलायती धोतर नेसणाऱ्याचा कर ५ वरून साडेतीनवर आला. जाडे कापड नेसणाऱ्या शेतकऱ्याचा शून्यावरून साडेतीनवर गेला. पुण्यात त्या वर्षी टिळकांच्या प्रभावाखाली विलायती कापडावर बहिष्काराची मोहीम झाली ती या साडेतीन टक्क्यांवरून. वंगभंगाच्या नऊ वर्षे आधी. न्यायमूर्ती रानड्यांनी त्याआधीच हा देश कसा चालवला जातो हे सांगून ठेवले होते: कच्चा माल पिकवणारा एक मळा, ज्याचा माल ब्रिटिश अडत्यांनी ब्रिटिश जहाजांतून न्यायचा, ब्रिटिश कसबाने त्याचे कापड करायचे आणि ब्रिटिश व्यापाऱ्याने ते परत इथेच आणून विकायचे. रानड्यांना दर सांगावा लागला नाही, पायऱ्या सांगितल्या की पुरे होते.

अबकारीने मुंबईच्या गिरण्या मेल्या नाहीत, हे मात्र कबूल केले पाहिजे. त्या काळात गिरण्यांना बसलेले मोठे धक्के दुसरे होते: १८९३ मध्ये टांकसाळींनी लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे थांबवले आणि चीनच्या सुताच्या बाजाराची घडी विस्कटली, १८९६ मध्ये प्लेग आला आणि मजूर गावाकडे पळाले, मग जपानच्या चात्या फिरू लागल्या. शिवाय हातमागाला अबकारी नव्हती, याचा सोलापूरसारख्या ठिकाणी विणकराला थोडा आधारच झाला असेल. गिरणीमालकांची बाजू घेताना आपण त्यांना देशभक्तीचे पुतळे करतो, तेही खरे नव्हे. तेरा-चौदा तास कामगार उभे ठेवणारेही तेच होते. माझा मुद्दा एवढाच की साडेतीन टक्के लहान होते म्हणून निरुपद्रवी होते, असा निष्कर्ष निघत नाही. लहान कर कोणाच्या अंगावर पडतो ते पाहावे लागते, आणि ते १९२५ मध्ये लख्ख दिसले.

तोवर आयात जकात १९१७ मध्ये साडेसात आणि १९२१ मध्ये अकरा टक्के झाली होती, अबकारी साडेतीनलाच होती. युद्धानंतरची तेजी ओसरली, माल पडून राहू लागला. मालकांनी सप्टेंबर १९२५ पासून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सरकारला कळवले, अबकारी काढा, कपात काढतो. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. गिरणगावात दसरा-दिवाळी उपाशी गेली, हजारो माणसे बोटीने, गाडीने कोकणात आणि घाटावर परतली. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने अबकारी स्थगित केली, कपात मागे गेली, भोंगे वाजले. कापडाच्या किमतीत मजुरीचा वाटा तीस टक्के धरला, तर किमतीतले साडेतीन टक्के म्हणजे मजुरीतले साडेअकरा-बारा टक्के. आकडे इतके जुळतात की मालकांनी काय हिशेब केला असेल ते वेगळे सांगायला नको. मँचेस्टरच्या समाधानासाठी बसवलेला कर तीस वर्षांनी शेवटी परळ-लालबागच्या चाळीतल्या चुलीवर येऊन बसला होता. संप झाला नसता तर तो आणखी किती वर्षे चालला असता, कोण जाणे.

आजचे व्यापार करार वाचतानाही मथळ्यातला दर बाजूला ठेवून पायऱ्यांची ओळ बघावी, असे मी म्हणतो. जगभरच्या जकात अनुसूचीत क्रमांक एकच आहेत: ५२०१ खाली कापूस, ५२०५ खाली सूत, ५२०८ खाली कापड, ६१ आणि ६२ या प्रकरणांत शिवलेले कपडे. कोणत्याही श्रीमंत देशाचे दर या क्रमाने एकाखाली एक लिहावेत. कापसावर शून्य किंवा नगण्य आणि कपड्यांवर चढा असा जिना दिसला, तर ते साखरेचेच दरपत्रक आहे. दर शून्य दिसला तर मूळस्थानाचे नियम उघडावेत. अमेरिकेने मेक्सिको-कॅनडाशी आणि मध्य अमेरिकेतल्या देशांशी केलेल्या करारांत कपड्याला सवलत मिळते ती सर्वसाधारणपणे त्याचे सूतसुद्धा करारातल्या देशांतच काढलेले असेल तर. होंडुरासच्या शिवणकामगाराने स्वस्त आशियाई कापड वापरले की सवलत गेली; अमेरिकन सूत वापरले की मिळाली. १६६३ मध्ये माल इंग्लंडमार्गे फिरवावा लागे. आता धागा फिरवावा लागतो.

आणि हाच प्रश्न आपल्या सरकारलाही विचारायचा. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर सगळे मिळून ११ टक्के शुल्क बसले. १८७५ च्या जकातीसारखेच दिसते, कच्च्या कापसावरचे, आणि गिरण्यांनी तक्रारही तीच केली. पण यामागे कापूस पिकवणारा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा कपडे निर्यात करणाऱ्यांना हात देण्यासाठी केंद्राने १९ ऑगस्टपासून हे ११ टक्के उठवले. तिरुपूरच्या शिलाई कारखान्यांची निकड खरी होती, त्यांची पायरी वाचवायला हवी होती. ती वाचवण्याचे बिल कोणाच्या नावाने फाडले, ते पाहा. तिजोरीतून निर्यातदाराला थेट मदत देता आली असती. त्याऐवजी यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याचा भाव उतरेल अशी सोय झाली, आणि तो शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर उभा आहे. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंतच होती, म्हणजे नवा कापूस बाजारात यायच्या आत संपणारी. मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भात पहिली वेचणी ऑक्टोबरात होते.